तेल कोणते घातले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा मी 'तेल' असा विषय कळवला. कार्यवाहबाईंना फार आनंद झाला. म्हणाल्या, "घाण्याचे तेल चांगले की डब्याचे, हे एकदा कोणीतरी सांगायलाच हवे होते." मी म्हटले, "बाई, मला फोडणीच्या तेलावर बोलायचे नाही, गाडीच्या तेलावर बोलायचे आहे." त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोला, पण आम्हांला समजेल असे बोला." तसा प्रयत्न करते. मी काही मिस्तरी नव्हे. आमच्या घरच्या एका मोटरसायकलने मला जे शिकवले आणि मग पुस्तिका वाचून, चार जाणत्यांना विचारून जे पडताळून घेतले, तेवढेच सांगणार आहे.

आज आपल्यापैकी किती जणी स्कूटरवरून आल्या, ते बाहेरच्या अंगणात दिसतेच आहे. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात तीनचाकी आपे गाड्या होतात, आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही तेथेच तयार होते. म्हणजे गाड्या आपल्या गावात जन्मतात म्हणा ना! आपल्या मुली कॉलेजला स्कूटरवर जातात, मुलगे दूध घालायला मोटरसायकलवर जातात, आणि दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या रस्त्यांना उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. घरातील पुष्कळ मिळकत या चाकांवर चालते. तरी गाडी गॅरेजला नेणे हे मात्र आपण पुरुषमाणसांचे काम समजतो, आणि पुरुषमाणसे गाडी गॅरेजात लावून चहाला जातात! मग गाडीच्या पोटात कोणते तेल गेले, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

आमच्याकडे हेच झाले. दोन वर्षांमागची गोष्ट. थोरला मुलगा रोज पहाटे मोटरसायकलला दुधाचे दोन कॅन लावून संकलन केंद्रावर जातो. दिवाळीच्या आधी गाडीचे सर्व्हिसिंग करून घेतले. पंधरा दिवस बरे गेले. मग गाडी नुसती ओरडू लागली. इंजिनचा आवाज चढायचा, पण गाडी पुढे ओढायची नाही. कालव्याच्या पुलाचा थोडासा चढ, तेथे तर कॅनसकट उतरून ढकलण्याची पाळी येई. मामंजी म्हणाले, "हा पोरगा क्लच अर्धा दाबून गाडी चालवतो, म्हणून असे होते." मुलगा म्हणाला, "नाही हो आजोबा, मी तसे करत नाही." कोणी ऐकले नाही. गॅरेजवाल्याने क्लचच्या प्लेटा जळाल्या म्हणून बदलल्या, तेल पुन्हा भरले आणि पैसे घेतले.

दोन महिन्यांत पुन्हा तेच. एके दिवशी गाडी वाटेतच राहिली. केंद्राची वेळ टळली, दूध परत आले आणि दुपारपर्यंत नासले. मी त्या दिवशी संतापले. त्याला म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही. चांगली वस्तू दिली की मोडून ठेवतोस." तो काही बोलला नाही. त्या रात्री जेवलाही नाही. भगिनींनो, आई रागावते ते प्रेमानेच, हे खरे. पण खोटा आळ मुलाच्या मनाला किती लागतो, हे मला नंतर कळले.

पुढे वन्संच्या घरी कार्य होते, म्हणून आम्ही इंदापूरला गेलो. मुलगा मोटरसायकलवरच आला. काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत पन्नासएक किलोमीटरचा रस्ता त्याने रडतखडत गाठला. वन्संच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्तरी तेथे आहेत. त्यांनी गाडी एक चक्कर चालवून पाहिली आणि खाली उतरून एकच प्रश्न विचारला, "तेल कोणते घातले?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मुलगा म्हणाला, "गॅरेजवाल्याने घातले ते." मिस्तरींनी विचारले, "बंद डब्यातले की बॅरलमधले? त्या गॅरेजात चारचाकी गाड्याही येतात का?" येत होत्या. तेथूनच गॅरेजवाल्याला फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. मोटारींसाठी आणलेल्या बॅरलमधूनच तो सर्वांना तेल घालत असे. मिस्तरी मुलाला म्हणाले, "बाळा, तुझी काही चूक नाही. तेल चुकले." तो शब्द ऐकून मुलाने माझ्याकडे पाहिले. मला मान वर करवेना.

आता मोटारीचे तेल मोटरसायकलला का चालत नाही, ते मिस्तरींनी समजावून दिले, तसेच सांगते. मोटारीचा क्लच इंजिनच्या तेलापासून वेगळा, कोरडा असतो. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात न्हालेले असतात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हाच इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचते. मोटारीच्या काही तेलांत, विशेषतः पेट्रोल वाचावे म्हणून केलेल्या पातळ तेलांत, घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीला ती चांगली. पण त्याच तेलात क्लचच्या प्लेटा भिजल्या की त्या घसरू लागतात. तेलकट हाताने बरणीचे झाकण उघडायला गेलो तर हात नुसता फिरतो, झाकण जागचे हलत नाही. तसेच हे. प्लेटा घसरून तापतात आणि जळतात. आमच्या गाडीच्या प्लेटा बदलल्या, पण तेल तेच राहिले, म्हणून दुखणे पुन्हा उलटले.

तेलाच्या डब्यावर अक्षरांची आणि आकड्यांची जी गर्दी असते, तिला भिऊ नका. तिच्यात तीनच गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट जाडी. डब्यावर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४० असे काही लिहिलेले असते. तेलाला जाडीप्रमाणे असे आकडे देण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली सुरू केली, म्हणून त्याच्या आधी 'एसएई' अशी तीन अक्षरे असतात. आपल्याला काकवी ठाऊक आहे. थंडीत ती बरणीतून हलत नाही, आणि चुलीवर ठेवली की पाण्यासारखी धावते. तेलाचेही तसेच आहे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या मागचा आकडा थंड इंजिनमध्ये तेल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा लहान, तर तेल थंडीतही लवकर धावते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, शंभर अंशांना, तेलाची जाडी किती उरते ते सांगतो.

येथे एक गैरसमज आहे. "आपल्याकडे ऊन फार, तेव्हा जाड तेल घाला, इंजिन टिकेल," असे पुष्कळ जण सांगतात. गाडी बनवणाऱ्याने इंजिनच्या भागांमध्ये किती फट ठेवली आहे, त्या हिशेबाने तेल ठरवलेले असते. जरुरीपेक्षा जाड तेल सकाळी गाडी सुरू करताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते आणि इंधनही जास्त खाते. जरुरीपेक्षा पातळ तेल तापल्यावर भागांमध्ये टिकत नाही आणि धातूवर धातू घासतो. आपला उन्हाळा धरूनही कोणते तेल चालेल, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या बऱ्याच मोटरसायकलींना २०डब्ल्यू-४० सांगितलेले असे, अलीकडच्या पुष्कळ गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगतात. म्हणून शेजारणीच्या गाडीला चालते ते आपल्या गाडीला चालेलच असे नाही.

दुसरी गोष्ट तेलाची प्रत. तिच्यासाठी 'एपीआय' या अक्षरांपुढे दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर 'एस' असेल तर तेल पेट्रोल इंजिनाचे आणि 'सी' असेल तर डिझेल इंजिनाचे. पेट्रोलच्या तेलात 'एसएल', 'एसएन', 'एसपी' असे अक्षर पुढे सरकत गेले, तसतशी प्रत नवी होत गेली. 'एसपी' ही प्रत २०२० साली आली.

तिसरी गोष्ट दुचाकीपुरती. जपानमधील मानकाप्रमाणे डब्यावर 'जासो' असा शब्द असतो आणि त्यापुढे 'एमए', 'एमए२' किंवा 'एमबी' अशी अक्षरे असतात. 'एमए' आणि 'एमए२' ही तेले ज्यांचा क्लच तेलात बुडलेला असतो त्या मोटरसायकलींची. 'एमबी' हे बिनगिअरच्या स्कूटरचे, कारण तिचा क्लच इंजिनच्या तेलात नसतो. आमच्या मुलाच्या गाडीला 'एमए' लिहिलेले तेल हवे होते. ते दोन अक्षरे कोणी पाहिली असती, तर प्लेटांचे पैसे वाचले असते आणि माझा शब्दही वाचला असता.

सासऱ्यांच्या काळातील चेतकसारख्या स्कूटरची गोष्ट निराळी होती. त्या दोन-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाई. ते तेल इंजिनच्या पोटात राहणाऱ्या तेलाहून अगदी वेगळे. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी हौसेने ठेवली आहे, त्यांनी तिला 'टू-टी' तेलच द्यावे.

चारचाकीवाल्यांना एक सांगते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ गाड्या विकल्या जातात. त्यांतील डिझेल मोटारींच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. काजळी तापून जळून जाते, पण तेलातील राख जळत नाही, ती गाळणीत साचत राहते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे तेल सांगितलेले असते. जुन्या जीपचे तेल त्यांना घातले तर ती महागडी गाळणी लवकर तुंबते.

आणि ट्रॅक्टर! त्यात तर इंजिनचे तेल वेगळे आणि गिअर, हायड्रॉलिकचे तेल वेगळे. आताच्या पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. तेथे भलतेच तेल गेले, तर ब्रेक किंचाळतात आणि नीट धरत नाहीत. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना ब्रेकने दगा दिला तर काय होईल, हे मी सांगायला नको. ट्रॅक्टरचे तेल किलोमीटरवर नव्हे, तासांच्या मीटरवर बदलायचे असते. हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतो, तेव्हा ते तास केव्हा भरले हे कळतही नाही. घरातील एकीने वहीत मांडून ठेवले, तर मोठे काम होईल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इंदापूरहून परत आल्यावर मी स्वतः पुस्तिका घेऊन त्या गॅरेजला गेले. म्हटले, "दादा, मी भांडायला आले नाही. पण या पुस्तिकेत तेल लिहिले आहे, ते तुम्ही घातले नाही." तो म्हणाला, "काकू, तेल ते तेल. सगळ्यांना तेच घालतो, कोणाची तक्रार नाही." मी म्हटले, "दादा, आम्ही गिरणीवर दळण घेऊन जातो, तेव्हा बाजरीच्या मागे गहू टाकू देत नाही. आधी जात्यातले पीठ काढायला लावतो, आणि पीठ डब्यात पडेपर्यंत तेथेच उभ्या राहतो. गिरणीवाला काही आम्हांला चोर वाटत नाही. पण आपले दळण आपल्यालाच मिळावे, एवढी काळजी घेतो." तो हसला. माणूस लबाड नव्हता. एकच बॅरल स्वस्त पडते, म्हणून तसे करीत होता. प्लेटांचे पैसे त्याने परत दिले नाहीत, पण पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी घेतली नाही. आता त्याच्या फळीवर मोटरसायकलच्या तेलाचे बंद डबे वेगळे ठेवलेले दिसतात.

भगिनींनो, गिरणीवर आपण उभ्या राहतो. सोनाराच्या तराजूवरची नजर आपण हलवत नाही. दूधवाल्याच्या मापात फेस किती आणि दूध किती, हे आपल्याला लांबून कळते. मग गॅरेजातच आपण पाठ का फिरवतो? विचारले तर हसतील म्हणून? एकदा हसतील. दुसऱ्या खेपेला आपण दिसताच डबा पुढे करतील.

तेव्हा गाडी सर्व्हिसिंगला देण्याआधी एवढे करा. पुस्तिकेत तेलाचे पान शोधा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते, किंवा अधिकृत सर्व्हिस केंद्रात विचारता येते. तेलाची जाडी, प्रत आणि माप एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. गॅरेजात गाडी देतानाच तो कागद दाखवा. जुने तेल पूर्ण काढू द्या, त्याला थोडा वेळ लागतो, घाई करू नका. नव्या तेलाचा डबा आपल्यासमोर उघडायला सांगा. झाकणाचे सील आधी तुटलेले नाही ना, ते पाहा. माप पुस्तिकेप्रमाणे असावे. जास्त तेल म्हणजे जास्त चांगले नव्हे, त्याला फेस येतो आणि सीलमधून गळती सुरू होते. शेवटी गाडी सपाट जागी उभी करून, पुस्तिकेत सांगितल्या रीतीने तेलाची कांडी काढून पातळी पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. रिकामा डबा तेथे ठेवू नका. त्याला भोक पाडा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून कोणी विकणार नाही.

काढलेले तेल काळे दिसले, म्हणजे ते वाईटच होते असे मात्र समजू नका. इंजिनमधील काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे, आणि डिझेल इंजिनात तर ते लवकर काळे होते. रंगावर जाऊ नका, वहीत लिहिलेल्या तारखेवर आणि किलोमीटरवर जा. ते जुने तेल गटारात किंवा कालव्यात ओतू देऊ नका. ज्या पाण्यावर आपला ऊस उभा राहतो आणि आपली जनावरे पाणी पितात, ते पाणी त्याने नासते. जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे ते गॅरेजवाल्याने द्यावे.

आणि बिल घ्या. बिलावर नुसते 'ऑइल' असे नको. तेलाचे नाव, जाडी आणि माप लिहून मागा. गाडी वॉरंटीत असेल तर हेच बिल पुढे उपयोगी पडते. ग्राहकांची चळवळ आपल्याच जिल्ह्यात वाढली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही करता येते. पण आधी समोरासमोर बोलावे. चार शब्द नीट बोलल्याने बहुतेक कामे होतात, असा माझा अनुभव आहे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या सभेला प्रत्येकीने आपापल्या घरच्या गाड्यांची पुस्तिका घेऊन यावे. दोन-चार शिकलेल्या मुली बसवू, आणि प्रत्येकीला तिच्या गाडीच्या तेलाचा कागद लिहून देऊ. एका दुपारचे काम आहे.

आमच्या मुलाच्या मोटरसायकलची गोष्ट पुरी करते. इंदापूरच्या मिस्तरींनी नव्या प्लेटा आणि योग्य तेल घातले. त्यानंतर आजतागायत क्लचचे काम निघालेले नाही. परतीच्या वाटेवर कालव्याचा पूल आला, तेव्हा मी मागे बसले होते. गाडी चढ सरळ चढून गेली. मी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "बाळा, त्या दिवशी मी चुकीचे बोलले." तो म्हणाला, "असू दे गं आई." पण ते म्हणायला मला तीन महिने लागले, कारण साधा प्रश्न विचारायला आम्हांला तीन महिने लागले होते. तुम्हांला तेवढे लागू नयेत, म्हणून आज हे बोलले.